दिवा चालू असताना

कचेरीत तिला सगळे वेलांटी म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे वेलांटी. तिला ते चांगलं ठाऊक होतं, कारण पाठीमागे बोलताना आवाज खाली ठेवावा लागतो एवढं साधं त्या कचेरीत कुणालाच जमत नसे. तिचं काम सूचनापुस्तिका तपासण्याचं. मिक्सर, गिझर, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, काहीही विकत आणलं की खोक्यातून जी पुस्तिका निघते आणि जी कुणीही वाचत नाही, ती ही बाई शब्द न् शब्द वाचायची. एकोणीस वर्षं. "ही पुस्तिका पुरती वाचणारी मी एकटीच," असं ती म्हणायची. त्यात तक्रार नसे, असलाच तर थोडा तोरा असे.

एकोणीस वर्षं मान मोडून काम केल्यावर मान खरोखरच मोडीत निघाली. मणके झिजले. हाताला मुंग्या येऊ लागल्या, गळ्याला पट्टा आला. पट्टा लावून बसली की ती कुणावर तरी रुसल्यासारखी दिसे. डॉक्टरांनी सांगितलं, खाली मान घालून वाचणं बंद. आता वाचणाऱ्या माणसानं मान खाली घालायची नाही तर काय घालायचं, असं ती तणतणत घरी आली होती.

घरी नाना. म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेल्याला आठ वर्षं झालेली. थोरला मुलगा दूरदेशी आणि धाकटी ही अशी, घरात. तिला नवरा होता. तो आता दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, त्यामुळे आपणही बोलायला नको.

मग कचेरीनं ते चष्मे आणले. पाच जणांना वापरून पाहायला दिले, त्यात मानेच्या कृपेनं वेलांटीचा नंबर लागला. दिसायला साधा जाड काड्यांचा चष्मा. पण घातला की उजव्या डोळ्यासमोर, हातभर अंतरावर, हवेत चार ओळी तरंगत. तपासायचा मजकूर तिथं सरकत राही. तर्जनीत एक अंगठी घालायची. तिच्यावर अंगठा फिरवला की खूण शब्दाशब्दावरून पुढं जाई. चूक दिसली की नवा शब्द तोंडानं बोलायचा, तो आपोआप तिथं बसे. "खोड" म्हटलं की खोडलं जाई, "मागे घे" म्हटलं की परत येई. टेबल नको, खुर्ची नको, मान ताठ. चालता चालता, भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता काम. चष्म्याच्या काडीवर बाहेरच्या बाजूला एक बारका लाल दिवा होता. समोरच्याला कळावं, की बाई कामात आहेत.

महिनाभरात पट्टा सुटला. मुंग्या थांबल्या. कामही दीडपट होऊ लागलं. सकाळी आठ ते बारा ती घरभर फिरत पुस्तिका तपासायची. स्वयंपाकघर, मधली खोली, गच्ची, परत स्वयंपाकघर. नाना खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत आणि तिच्या फेऱ्या मोजत. "आज बेचाळीस," म्हणत. "आमच्या वेळी एवढ्या फेऱ्यांना जादा भत्ता मिळायचा."

पण त्या यंत्राची एक खोड होती. ते फक्त तिचाच आवाज ऐकायला शिकवलं होतं. शेजारचा रेडिओ, रस्त्यावरचे भोंगे, कुकरची शिट्टी, यांतलं काही त्याच्या कानात शिरत नसे. नानांचा आवाज मात्र शिरे. बाप आणि लेक, एकाच घरातला सूर. यंत्र बिचारं गोंधळून जाई. नाना काही बोलले की त्यांचं बोलणं राखाडी अक्षरांत मजकुराच्या मधोमध येऊन बसे, आणि ती "खोड" म्हणून ते काढून टाकी. दिवसातून दहा वेळा. पुढं पुढं ती ते वाचतही नसे. राखाडी दिसलं की खोड.

एकदा एक राहून गेलं. शीतकपाटाची पुस्तिका थेट मालकांच्या टेबलावर पोचली आणि त्यांनी सगळ्या कचेरीदेखत ती मोठ्यानं वाचली. "दार घट्ट बंद असल्याची खात्री करा माझे मोजे कुठे ठेवलेस." कचेरी हसून हसून लोळली. मालक हसले नाहीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्यांच्या खोलीत उभं राहून ऐकून घ्यावं लागलं, आणि ते तिला फार लागलं. घरी येऊन ती नानांवर बरसली. मोज्यांवरून बरसली, पण मोजे निमित्त होते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चुकलंच माझं. बसमध्ये आमच्या डोक्यावर पाटी असायची. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. एकतीस वर्षं त्या पाटीखाली बसलो आणि स्वतःच विसरलो."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी नियम केला. दिवा लाल, की गाडी चालू. गाडी चालू, की तोंडाला कुलूप. काही हवंच असेल तर हात वर करायचा, उतारू थांब्यावर करतात तसा. ती तळहात दाखवून "थांबा" करी, आणि नाना थांबत. दिवा विझला की मात्र चार तासांचं साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडे. वर्तमानपत्रात काय आलं, समोरच्या इमारतीत कोण राहायला आलं, गुडघा आज कुठं दुखतोय. ती जेवता जेवता "हं, हं" करी. नियम मोडला असं नानांकडून एकदाही झालं नाही. शिस्तीचा माणूस. तिला त्याचं कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर सोयीचंही होतं.

तो दिवस मंगळवार होता. पंपाची पुस्तिका बारापर्यंत पाठवायची होती, एकशे चार पानं. साडेसातला दोघांनी चहा घेतला. नानांनी खारी बुडवताना ती कपात तुटली म्हणून चमच्यानं काढून खाल्ली. आठला तिनं चष्मा चढवला.

त्यानंतर ती घरातच होती. हे नंतर तिला अनेकांना सांगावं लागलं. तिनं कपडे वाळत घातले. घेवडा निवडला. बाथरूमची बादली घासली. नानांच्या खुर्चीवरून ती किती वेळा गेली असेल कोण जाणे, त्या दिवशी फेऱ्या मोजणारं कुणी नव्हतं. मान ताठ, नजर समोर. एकदा वर्तमानपत्र खाली पडलेलं दिसलं, ते तिनं उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. एकदा त्यांनी हात वर केला. डावा. तिनं तळहात दाखवला. चार ओळींच्या पलीकडं त्यांचा चेहरा होता, आणि ती ज्या ओळी वाचत होती त्यात पाण्याची पातळी कमी असताना पंप चालवू नये असं लिहिलं होतं. हे तिला आठवतं. चेहरा कसा होता ते आठवत नाही.

बाराला पुस्तिका संपली नाही. साडेबारा उलटून गेले. बारा चाळीसला तिनं ती पाठवून दिली, चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाली, "हं, बोला नाना."

नाना बोलले नाहीत. तोंड एका बाजूनं खाली ओघळलं होतं. उजवा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता. डोळे उघडे होते आणि तिच्याकडेच पाहत होते.

दवाखान्यात पोचायला एक वीस झाले. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. मेंदूत गुठळी अडकली आहे, ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो.

"शेवटचे ठणठणीत कधी पाहिलंत यांना?"

"साडेसातला. चहाच्या वेळी."

"त्यानंतर?"

"त्यानंतर घरातच होते. समोरच."

"तुम्ही कुठं होता?"

"मी पण घरातच होते."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. "मग नऊला कसे होते? दहाला? बोलत होते? हात हलत होता?"

तिनं आठवून पाहिलं. जीव तोडून आठवलं. पंपाचं चौथं प्रकरण डोळ्यांपुढं आलं, पाचवं आलं, झडपेची आकृती आली. "मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

"ताई, नीट आठवा. यावर सगळं आहे. दहाला ठीक होते असं तुम्ही म्हणालात तर मी आत्ता इंजेक्शन देते."

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण खोटं ठरलं तर नाना जातील हेही तिला तेवढ्यात कळलं. आणि एकोणीस वर्षं जे नक्की माहीत नाही ते छापायला सोडायचं नाही, ही सवय होती. "नाही सांगता येत," ती पुन्हा म्हणाली. डॉक्टरांनी कागदावरच्या एका रकान्यात 'अज्ञात' लिहिलं आणि त्या आत गेल्या. इंजेक्शन दिलं नाही.

नाना वाचले. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, असं डॉक्टर म्हणाल्या, फक्त शब्द सापडत नाहीत. सापडे तो एकच, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, पाणी सांडलं तरी बरं.

भावाचा फोन रोज येई. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, "तू घरी नव्हतीस का?"

"होते की."

"मग?"

"मग काय, दादा. होते."

नंतर त्यानं ते पुन्हा विचारलं नाही, आणि तो कधीतरी विचारील म्हणून ती फोनपाशी उगाच उभी राहत असे.

लोक येऊन जात. किती खंबीर आहे म्हणत. मावशी म्हणाली, "रडून घे गं, मोकळी हो." तिला रडू येत नव्हतं. खंबीरबिंबीर काही नव्हती ती. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि याचं तिला अधूनमधून नवल वाटे, तेही फार नाही. सकाळी उठून ती नानांना बसतं करी, दाढी करून देई, सदऱ्याची बटणं लावी. जेवण चमच्यानं भरवी. दंतवैद्याकडं भूल दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच वाटे. जीभ लावून पाहावी, आहे का जागेवर.

बाराव्या दिवशी तिनं चष्मा पुन्हा घातला. कचेरीला काम हवं होतं, आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दिवा लागला. नाना खिडकीपाशी बसून पाहत राहिले. मधूनच ती थांबे, दिवा बंद करी, त्यांच्यापुढं जाऊन वाकून विचारी, "काही हवंय?" नाना म्हणत, "बरं." मग ती पुन्हा दिवा लावी. तासातून सहा वेळा, सात वेळा. काम अर्ध्यावर आलं. मालक काही बोलले नाहीत, आणि तेही तिला लागलं नाही.

अडीच महिन्यांनी कचेरीतून निरोप आला. पंपाच्या पुस्तिकेत चौथ्या प्रकरणात एक वाक्य गळलंय. तार जोडण्यापूर्वी मुख्य बटण बंद करा, हे वाक्य मूळ मजकुरात आहे, छापील प्रतीत नाही. बदलांची यादी उघडून कुठं गेलं ते पाहा. मजकुरात केलेला प्रत्येक बदल वेळेसकट त्या यादीत राहत असे. तिला ती उघडायची गरज एरवी पडत नसे.

टेबलाशी बसून, मान खाली घालून तिनं यादी उघडली. त्या मंगळवारची. आठपासून सुरुवात केली. काने, मात्रा, स्वल्पविराम. नऊ वाजले. दहा वाजले.

दहा सोळाला राखाडी अक्षरांत एक शब्द होता. 'पोरी.' त्याच मिनिटाला खोडलेला.

त्याच्याखाली, दहा सतरा. 'उजवा हात उचलत नाहीये गं जरा दिवा बंद कर.' खोडलेलं.

तिच्या सवयीप्रमाणं तिनं दोनदा "खोड" म्हटलं असणार, तिसऱ्यांदाही म्हटलं असणार, कारण त्याखालचं खोडलेलं वाक्य तार आणि मुख्य बटणाचं होतं. पुढं राखाडी अक्षरं नव्हती. दहा अठराला तिनं 'आर्द्रता' शब्दाची दुरुस्ती केली होती, आणि ती बरोबर होती.

तिनं पहिल्यांदा पंपाचं वाक्य जागेवर ठेवलं. कचेरीला कळवलं. मग उठून पाणी प्यायली. दहा सोळा ते एक वीस किती होतात याचा हिशोब तिनं बोटांवर केला, लहान मुलासारखा, दोनदा. तीन तास चार मिनिटं. साडेचारला अजून जवळजवळ दीड तास शिल्लक होता. मधल्या खोलीत नाना झोपले होते. ती दारात उभी राहून त्यांच्याकडं पाहत राहिली आणि तिला काही वाटलं नाही. वाटायला हवं, एवढंच वाटलं.

त्यांना सांगावं की नाही, यात पंधरा दिवस गेले. त्यांनी नियम मोडला होता, त्या एकाच दिवशी, आणि मोडूनही उपयोग झाला नव्हता. हे त्यांना आठवत असेल का? की हात वर केला, पोरीनं थांबा म्हटलं, म्हणून आपण थांबलो, एवढंच आठवत असेल? विचारलं तर ते बरं म्हणणार. ती रोज सकाळी दाढी करताना त्यांच्या डोळ्यांत पाहून ठरवी, आज सांगू. मग गाल पुसून टॉवेल वाळत घाली.

तीन महिन्यांनी दवाखान्यात दाखवायला जायचं होतं. डॉक्टर त्याच होत्या. नानांना त्यांनी पाय उचलायला लावला, बोट पाहायला लावलं, "छान, छान" म्हणाल्या. फाईल टेबलावर उघडी होती. वेलांटीची नजर सवयीनं उलट्या बाजूनंही वाचत असे. पहिल्या पानावर रकाना होता, लक्षणं सुरू झाल्याची वेळ. पुढं अज्ञात. त्या कागदाच्या किती प्रती निघाल्या होत्या, विम्याला, व्यायामवाल्याला, भावाला. सगळ्यांवर अज्ञात.

"डॉक्टर, हे चुकीचं आहे," तिनं बोट ठेवलं. "अज्ञात नाही. दहा वाजून सोळा मिनिटं."

डॉक्टरांनी वाचलं. "तुम्हीच तेव्हा सांगता येत नाही म्हणालात ना?"

"हो."

"ताई, आता त्यानं उपचारात काही फरक पडत नाही."

"माहीत आहे मला. पण चुकीचं राहू देऊ नका."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि मग थांबल्या. "तसं लिहायचं तर कशावरून ते लिहावं लागेल. इतकी नेमकी वेळ कुणी पाहिली?"

नाना शेजारच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला होता. ते डॉक्टरांकडं पाहत नव्हते, तिच्याकडं पाहत होते.

"पाहिली नाही कुणी," ती म्हणाली. "यांनी सांगितलं होतं मला. तेव्हाच. मी खोडलं."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. नानांना कळलं. ते ओशाळले. आपणच मध्ये बोललो, चूक आपलीच, असे मान खाली घालून डाव्या हातानं सदऱ्याचं बटण चाचपत बसले. "नाही हो नाना," म्हणत ती त्यांच्या खुर्चीपुढं खाली जमिनीवर बसली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.